चमकणाऱ्या कणांनी हवेचा वेग आणि दाब मोजताना: बडोद्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

या पद्धतीतला कण मुळात ऑक्सिजन मोजतो. दाब आपण त्यावरून काढतो. एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी पक्की डोक्यात बसली, तर लेझर, कॅमेरे, सॉफ्टवेअर हे सगळं पुढे हळूहळू जमत जातं. ती बसली नाही, तर महागड्या उपकरणांसमोर उभं राहून माणूस महिनोन्महिने चुकीच्या आकड्यांची सुंदर रंगीत चित्रं काढत बसतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा किंवा एमएस्सीचा प्रोजेक्ट म्हणून हे करू बघणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आहे.

कण नेमकं काय सांगतो

कणावर एक रंगद्रव्य बसवलेलं असतं. जांभळा प्रकाश पडला की त्याचे रेणू उत्तेजित होतात आणि थोड्या वेळाने तांबडा प्रकाश सोडून शांत होतात. या मधल्या वेळात ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला तर ती ऊर्जा तोच घेऊन जातो आणि तांबडा प्रकाश बाहेर पडत नाही. ऑक्सिजन जास्त, तेवढी चमक कमी. ऑक्सिजन अजिबात नसतानाच्या चमकेला प्रत्यक्ष चमकेने भागलं, तर येणारी संख्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबाबरोबर (म्हणजे एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्याबरोबर) जवळजवळ सरळ रेषेत वाढते. हाच स्टर्न-व्होल्मर नियम, 1919 सालचा. सिलिका जेलवर रंगद्रव्य बसवून ऑक्सिजन चमक कशी विझवतो हे हान्स काउत्स्की या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात दाखवलं. 1980 साली पीटरसन आणि फिट्झजेराल्ड यांनी याच गुणाचा वापर करून पृष्ठभागावरचा वायूचा प्रवाह दिसता केला. पुढे त्याच दशकात विमानांच्या मॉडेलवर फासायचा दाबसंवेदी रंग आला. आपल्याला तेच रंगद्रव्य भिंतीवरून उचलून बारीक कणांवर बसवायचं आहे आणि ते कण हवेत सोडायचे आहेत. कण कुठून कुठे सरकला त्यावरून वेग, आणि तो किती चमकला त्यावरून ऑक्सिजन.

हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. हे प्रमाण कायम आहे असं धरलं तरच ऑक्सिजनच्या आंशिक दाबावरून एकूण दाब काढता येतो. कुठेतरी नायट्रोजन मिसळला, ज्योत पेटली, कार्बन डायऑक्साइड सुटला, की ही साखळी तुटते. पण त्याच ठिकाणी मिश्रण किती झालं हे मोजायचं उत्तम साधनही हाती येतं. नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: आधी कागदावर हिशोब

हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.2 किलोग्रॅम. अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, एवढा दाबातला फरक प्रवाहामुळे पडतो. सेकंदाला 10 मीटर वेग असेल तर हा फरक 60 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 0.06 टक्के. 40 मीटरला 960 पास्कल. 100 मीटरला 6,000 पास्कल, म्हणजे कुठे 6 टक्के.

आता कॅमेऱ्याची बाजू बघा. एखाद्या जागेवरून 10,000 प्रकाशकण (फोटॉन) गोळा झाले तर त्या संख्येत मुळातच 100 चा चढउतार असतो, म्हणजे 1 टक्का. दाबात ही अनिश्चितता 1,000 पास्कलच्या आसपास, खरं तर थोडी जास्तच. 100 पास्कलचा फरक ओळखायचा तर दहा लाख प्रकाशकण लागतात, आणि एका इवल्याशा कणाकडून लेझरच्या एका झोतात एवढे मिळत नाहीत. मग अनेक कणांची, अनेक चित्रांची सरासरी घ्यावी लागते.

या दोन परिच्छेदांचा अर्थ सरळ आहे. पंख्याच्या किंवा साध्या विंड टनेलच्या वेगाला या पद्धतीने दाब मोजायच्या फंदात पडू नका. तिथे कणांनी फक्त वेग मोजा आणि वेगाच्या क्षेत्रावरून नेव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या, म्हणजे प्रवाहाच्या गतीच्या समीकरणांच्या आधारे दाब काढा. तो स्वतंत्र आणि चांगला मार्ग आहे. चमकेवरून दाब काढायचा तर वेग सेकंदाला 100 मीटरच्या पुढचा हवा.

आणखी एक आकडा बडोद्याचा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटरवर, त्यामुळे हवेचा दाब जवळपास समुद्रकाठाइतकाच. पण हिवाळ्यात तो 1,015 हेक्टोपास्कलच्या (1 हेक्टोपास्कल म्हणजे 100 पास्कल) आसपास असतो आणि भर पावसाळ्यात 1,000 च्या जवळ उतरतो. फरक 1,500 पास्कलचा. म्हणजे जानेवारीत केलेलं कॅलिब्रेशन (किती दाबाला किती चमक, याचा आलेख) जुलैत तसंच वापरलं, तर 40 मीटर वेगाच्या प्रवाहापेक्षा मोठी चूक नुसत्या ऋतूने आत शिरते. इंदूरला हेच करणाऱ्याचा संदर्भदाब तर मुळातच आपल्यापेक्षा 5 ते 6 टक्क्यांनी कमी, कारण ते शहर 550 मीटर उंचीवर. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आलेख उसना घेऊ नये तो यासाठी. खोलीत बॅरोमीटर लावा आणि रोजचा आकडा वहीत लिहा.

दुसरी पायरी: सुरक्षितता

याला पायरी म्हणतोय, कारण पुढचं काहीही करण्याआधी ही झालीच पाहिजे. लेझरचा चष्मा त्याच तरंगलांबीचा हवा. हिरव्या लेझरचा चष्मा जांभळ्याला चालत नाही. लेझरचा प्रकाश पातळ पडद्यासारखा पसरवून केलेला प्रकाशपट्टा जिथे संपतो तिथे काळा अडथळा लावा आणि पट्टा डोळ्यांच्या उंचीवर कधीही ठेवू नका. बसलेल्या माणसाची उंचीसुद्धा धरा. कोरडे कण हाताळताना चांगला मास्क घाला, कारण काही मायक्रोमीटरचे कण फुप्फुसात खोल जातात. आणि नायट्रोजन: त्याला वास नाही, रंग नाही. एसी लावून बंद केलेल्या खोलीत सिलिंडर गळत राहिला तर माणूस काही न जाणवता कोसळतो. ऑक्सिजन मॉनिटर बसवा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. खोलीतला ऑक्सिजन घसरला तर मोजमापही बिघडतंच, पण जीव आधी.

तिसरी पायरी: कण निवडणे

इथे दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. कण लहान असेल तर तो हवेबरोबर इमानाने जातो, आणि मोठा असेल तर जास्त चमकतो. पाण्याइतक्या घनतेच्या 1 मायक्रोमीटर व्यासाच्या कणाला हवेचा बदललेला वेग पकडायला सुमारे 3 मायक्रोसेकंद लागतात. 10 मायक्रोमीटरच्या कणाला 300, म्हणजे शंभरपट. उलट रंगद्रव्य कणाच्या आतपर्यंत भरलेलं असेल तर व्यास दहापट होताच चमक हजारपट होते.

कोणता घ्यायचा? प्रवाहाचा स्वतःचा वेळ काढा. 10 मिलिमीटर तोंडाच्या नळीतून सेकंदाला 2 मीटर वेगाने वायू येत असेल तर हा वेळ 10 भागिले 2,000, म्हणजे 5 मिलिसेकंद. 10 मायक्रोमीटरच्या कणाचा 0.3 मिलिसेकंद त्याच्या 6 टक्के झाला. हे गुणोत्तर एक दशांशाच्या खाली असेल तर कण विश्वासाचा. म्हणून पहिल्या संथ प्रयोगाला 5 ते 10 मायक्रोमीटरचे कण खुशाल वापरा, चमक भरपूर मिळेल. सेकंदाला 100 मीटर वेगाच्या हवेच्या झोतात त्याच नळीचा वेळ 0.1 मिलिसेकंदावर येतो आणि मग 1 ते दीड मायक्रोमीटरवर उतरावंच लागतं.

साहित्य दोन प्रकारचं मिळतं: पॉलिस्टायरीनचे गोळे आणि सच्छिद्र सिलिका. सच्छिद्र सिलिकेत ऑक्सिजन पटकन आत-बाहेर करतो, त्यामुळे ती जलद प्रतिसाद देते. पण ती ओलावाही ओढते. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं गोळा होतं, तसेच हे कण एकमेकांना चिकटतात, आणि दहा कणांचा गठ्ठा झाला की वरचा सगळा हिशोब वाया. जून ते सप्टेंबर कण वापरण्याआधी ओव्हनमध्ये सौम्य उष्णतेवर सुकवा, डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) थेट सीडरमध्ये, म्हणजे कण हवेत उडवणाऱ्या साधनात घाला.

चौथी पायरी: रंगद्रव्य चढवणे

रंगद्रव्याचा विषय निघाला की बडोद्याच्या माणसाला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था आठवणारच. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते सुरू केलं, रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख होते आणि कापडाची रंगाई-छपाई हा तिथला महत्त्वाचा विषय होता. तंत्रशिक्षण इथल्या भाषांतून द्यावं हा त्यामागचा आग्रह होता. तो आग्रह मला आजही पटतो, म्हणून हे मराठीत लिहितो आहे.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रंगद्रव्य म्हणजे प्लॅटिनम असलेलं एक फ्लोरिनयुक्त पोर्फिरिन, ज्याला या क्षेत्रात सगळे पीटीटीएफपीपी म्हणतात. 390 ते 405 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ते जोरात शोषतं आणि 650 नॅनोमीटरच्या आसपास तांबडं चमकतं. ऑक्सिजन नसताना त्याची चमक विझायला साधारण 50 मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ लागतो. दुसरा पर्याय रुथेनियमच्या संयुगांचा. ती निळा प्रकाश शोषून नारिंगी-तांबडी चमकतात आणि त्यांचा वेळ 5 मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो.

सिलिकेवर चढवणं सोपं आहे. रंगद्रव्य टोल्यूइनसारख्या द्रावकात विरघळवा, सिलिका त्यात ढवळा, द्रावक सावकाश उडवून लावा, मग सुटलेला रंग धुऊन काढा. पॉलिस्टायरीनला वेगळी रीत: पाण्यात तरंगणाऱ्या गोळ्यांमध्ये थोडा योग्य द्रावक घातला की गोळे फुगतात, रंगद्रव्य आत जातं, आणि द्रावक काढल्यावर ते आत अडकून राहतं. द्रावक जास्त झाला तर गोळेच विरघळतील. दोन्ही कामं फ्यूम हूडखालीच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करा.

रंग जास्त घातला की चमक वाढेल, हा समज टाळा. एका मर्यादेपलीकडे रंगद्रव्याचे रेणूच एकमेकांची चमक विझवतात. तीन-चार वेगवेगळ्या प्रमाणांचे छोटे नमुने करून कॅमेऱ्याखाली बघणं हा एकच खात्रीचा मार्ग. सूक्ष्मदर्शकाखाली गठ्ठे आहेत का तेही तेव्हाच पाहून घ्या.

कणांचा आकार आणि त्यावर पडणारा प्रकाश सारखा नसतो, मग चमकेतला फरक ऑक्सिजनचा की कणाचा हे कसं कळणार? यासाठी काही जण त्याच कणात दुसरं, ऑक्सिजनला दाद न देणारं रंगद्रव्य घालतात, उदाहरणार्थ 580 नॅनोमीटरच्या आसपास चमकणारं सिलिकॉनचं पोर्फिरिन. दोन चमकांचं गुणोत्तर घेतलं की आकार आणि प्रकाश दोन्ही रद्द होतात. पहिल्या प्रोजेक्टला एवढं करायची गरज नाही. चित्राच्या एका छोट्या चौकोनातल्या कणांच्या तांबड्या चमकेला त्याच कणांनी विखुरलेल्या जांभळ्या प्रकाशाने भागा. अचूकता कमी मिळते, पण पद्धत हाताखालून जाते.

पाचवी पायरी: प्रकाश आणि दोन कॅमेरे

एका कॅमेऱ्यात सगळं उरकायचा मोह होतो. का उरकू नये, ते आकड्यांत बघा. समजा 40 मिलिमीटर रुंदीचं दृश्य 2,000 पिक्सेलवर पडतंय, म्हणजे मिलिमीटरला 50 पिक्सेल. सेकंदाला 2 मीटर वेगाचा कण 50 मायक्रोसेकंदांत 0.1 मिलिमीटर, म्हणजे 5 पिक्सेल सरकतो. तेवढी रेघ चालून जाईल. पण 100 मीटर वेगाचा कण तेवढ्याच वेळात 5 मिलिमीटर जातो आणि चित्रात कणाऐवजी 250 पिक्सेलची फिकट रेघ उमटते. शिवाय लेझरच्या पहिल्या झोताची चमक दुसऱ्या चित्रात सांडते. जितका चमकेचा वेळ लांब, तितकं रंगद्रव्य ऑक्सिजनला जास्त संवेदनशील, आणि तितकीच रेघही लांब. यातून सुटका नाही, फक्त तडजोड आहे: वेगवान प्रवाहाला रुथेनियमसारखं कमी वेळाचं रंगद्रव्य, संथ प्रवाहाला प्लॅटिनमचं.

म्हणून वेग विखुरलेल्या प्रकाशावरून काढा. तो लेझरच्या झोताबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. पहिला कॅमेरा, लेझरच्याच रंगाचा फिल्टर लावून, वेगासाठी. दुसरा, 600 नॅनोमीटरच्या वरचंच आत सोडणारा फिल्टर लावून, चमकेसाठी. विखुरलेला प्रकाश चमकेपेक्षा खूप प्रबळ असतो, त्यामुळे दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर पैसे वाचवू नका. त्याची परीक्षा सोपी आहे: रंग न चढवलेले कण सोडा आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते बघा. काहीही दिसलं तर फिल्टर गळतोय.

दोन्ही कॅमेरे एकच जागा बघतात याची खात्री ठिपक्यांची पाटी प्रकाशपट्ट्याच्या प्रतलात धरून करायची. पाटी हलवली, कॅमेऱ्याला धक्का लागला, की पुन्हा पहिल्यापासून.

बऱ्याच ठिकाणी दुहेरी झोताचा निओडिमियम-यॅग लेझर असतो, 532 नॅनोमीटरचा हिरवा. प्लॅटिनम पोर्फिरिन तोही शोषतं, पण जांभळ्याच्या मानाने बरंच कमी. त्याच लेझरचा 355 नॅनोमीटरचा अतिनील झोत मिळत असेल तर तोही आजमावून बघा. संथ प्रयोगाला 405 नॅनोमीटरचा स्पंदित डायोड लेझर पुरतो.

सहावी पायरी: कॅलिब्रेशन

मकरपुरा जीआयडीसी या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये काचेची खिडकी आणि ओ-रिंग असलेली ॲल्युमिनियमची छोटी डबी बनवून मिळेल. तिला व्हॅक्युम पंप, दाबाचा गेज आणि तापमापक जोडा. ज्या घाण्यातले कण प्रवाहात सोडणार, त्याच घाण्यातले थोडे काचपट्टीवर पसरून आत ठेवा. दाब 5 किलोपास्कलपासून वातावरणापर्यंत हळूहळू चढवत प्रत्येक टप्प्याला चमक मोजा. मग उतरवतानाही मोजा. चढती आणि उतरती रेषा जुळली नाही तर प्रकाशाने रंगद्रव्य झिजतंय किंवा डबी गळतेय.

हे सगळं निदान तीन तापमानांना करा: 20, 30 आणि 40 अंश. बडोद्यात मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीची सकाळ यांच्यातला फरक विसरायला नको. अशा रंगद्रव्यांची चमक दर अंशाला अर्धा ते एक टक्का सहज बदलते. आणि तापमान फक्त ऋतूचं नसतं. सेकंदाला 100 मीटर वेग आला की हवा स्वतःच सुमारे 5 अंशांनी थंड होते. म्हणजे 6 टक्के दाबफरक शोधताना तापमानाची 2.5 ते 5 टक्के चूक शेजारीच उभी असते. ही दुरुस्ती न करता दिलेला दाबाचा नकाशा मी तरी मान्य करणार नाही.

सातवी पायरी: पहिला खरा प्रयोग

10 मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साधारण 9.5 लिटर नायट्रोजन, म्हणजे वर धरलेला 2 मीटरचा वेग. बाहेर खोलीची शांत हवा. नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन शून्य, बाहेर 21 टक्के, त्यामुळे झोताचा गाभा लखलखीत आणि कडा विझत गेलेल्या दिसतात. फरक इतका मोठा की कॅमेऱ्यातल्या उणिवा त्यापुढे टिकत नाहीत, आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. शिकायला याहून चांगली परिस्थिती नाही.

कण झोतातही सोडा आणि बाहेरच्या हवेतही. फक्त झोतात सोडले तर मिश्रणाच्या कडेला झोतातूनच आलेले कण मोजले जातात आणि सरासरी एका बाजूला झुकते. कोरडे कण खालून हवा फुंकलेल्या उभ्या नळीतून उडवून घ्या आणि गठ्ठे गाळण्यासाठी वाटेत छोटा सायक्लोन (हवा गोल फिरवून जड कण बाजूला काढणारं साधन) ठेवा. नळ्या प्लॅस्टिकच्या असतील तर स्थिर विजेने कण भिंतीला चिकटतात. धातूच्या वापरा आणि अर्थिंग करा.

वेगासाठी ओपनपीआयव्ही किंवा पीआयव्हीलॅब हे कणांच्या चित्रांवरून वेग काढणारं सॉफ्टवेअर चालेल. 32 पिक्सेलचा चौकोन घ्या, त्यात आठ-दहा कण दिसू द्या, आणि लेझरच्या दोन झोतांमधला वेळ असा ठेवा की कण चौकोनाच्या पाव भागापेक्षा जास्त सरकणार नाही. आपल्या दृश्यात 8 पिक्सेल म्हणजे 80 मायक्रोसेकंद. कणाचं चित्र एकाच पिक्सेलवर मावत असेल तर वेगाचे आकडे पूर्णांकांकडे ओढले जातात. भिंग किंचित ॲडजस्ट करून ते 2-3 पिक्सेलवर आणा. मिळालेला वेग फ्लोमीटरच्या आकड्याशी ताडून बघा. हा ताळा चुकवू नका.

मग दाबाकडे

नायट्रोजनचा प्रयोग जमल्यावर लगेच वेगवान झोताकडे धावू नका. मध्ये एक पायरी आहे: बंद पेटीत कण उडवा, हवा स्थिर होऊ द्या, पेटीतला दाब 100 वरून 60 किलोपास्कलवर आणा आणि चित्रं घ्या. वेग शून्य, दाब गेजवर दिसतोय, आणि कण खरोखर हवेत तरंगताहेत. काचपट्टीवरच्या कॅलिब्रेशनशी हे आकडे किती जुळतात, त्यावरून तुमच्या दाबाच्या नकाशाला किती अनिश्चितता लावायची ते ठरेल. ती पास्कलमध्ये लिहा. नंतर 100 मीटरच्या पुढचा झोत घ्या, आणि त्या प्रयोगात नायट्रोजन वापरू नका, झोतही हवेचा आणि बाहेरही हवा. झोत चालू करण्याआधी आणि बंद केल्यावर स्थिर हवेची संदर्भचित्रं दर वेळी घ्या. दोन्हींमध्ये फरक पडला असेल तर त्या दिवशीचा डेटा बाजूला ठेवा. उरलेले कण तपकिरी बाटलीत, अंधारात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि बाटलीवर घाण्याची तारीख लिहा, कारण पुढच्या घाण्याला नवं कॅलिब्रेशन लागेल.